सेंट्रल लाइनसाठी नीडल ट्रॅकिंग: स्क्रीनवरच्या रेषेवर किती भरवसा ठेवायचा

सोनोग्राफी बघत सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत बसवायची नळी, टाकणं आता नवं राहिलेलं नाही. २००१ साली अमेरिकेच्या एएचआरक्यू या संस्थेने रुग्णसुरक्षेवरच्या अहवालात ही पद्धत जोरदार शिफारशीच्या मोजक्या उपायांमध्ये घातली, आणि २००२ मध्ये ब्रिटनच्या नाइस या वैद्यकीय मार्गदर्शक सूचना देणाऱ्या संस्थेने मानेतल्या जुगुलर व्हेनसाठी तिची अधिकृत शिफारस केली. तरी आजही सुई शेजारच्या कॅरोटिड धमनीत जाते, शिरेची मागची भिंत फुटते, कॉलरबोनखालची सबक्लेव्हियन शीर घेताना फुप्फुसाला भोक पडतं. शीर तर स्क्रीनवर लख्ख दिसत असते. मग घोळ कुठे होतो? सुईच्या टोकाशी. शीर दिसते, सुईही दिसते, पण जे दिसतंय ते टोकच आहे का, हे सांगता येत नाही.

नीडल ट्रॅकिंग, म्हणजे सुई आणि तिचं टोक कुठे आहे ते यंत्राने स्क्रीनवर दाखवणं, याच अडचणीवर तोडगा म्हणून आलं. हा लेख, ज्यांना साधी सोनोग्राफी वापरून लाइन टाकता येते आणि ज्यांच्या विभागात ट्रॅकिंगचं यंत्र आलंय किंवा येऊ घातलंय, त्यांच्यासाठी आहे. लाइन टाकायला पहिल्यांदाच शिकत असाल तर आधी अनुभवी माणसाच्या हाताखाली मूळ पद्धत शिका. ट्रॅकिंग त्यानंतरचं.

आधी भूमिती, मग यंत्र

लिनिअर प्रोबमधून, म्हणजे त्वचेवर टेकवायच्या सोनोग्राफीच्या सपाट तोंडाच्या भागातून, निघणारी ध्वनीची पट्टी अगदी पातळ असते, काही मिलिमीटर जाडीची. शिरेचा आडवा छेद घेऊन, म्हणजे शॉर्ट ॲक्सिसमध्ये, आउट-ऑफ-प्लेन, म्हणजे पट्टीला आडवी, सुई टाकता तेव्हा ती या पट्टीला एकाच ठिकाणी छेदते आणि स्क्रीनवर एक पांढरा ठिपका उमटतो. टोक छेदलं तरी ठिपका, दांडा छेदला तरी ठिपका. दोन्ही दिसायला सारखेच.

आकडे घेऊन बघा. शिरेचा मध्य त्वचेपासून १.५ सेमी खोल आहे आणि सुईचा त्वचेशी कोन ४५ अंश आहे. सुई प्रोबपासून १.५ सेमी मागून शिरली तर बरोबर शिरेच्या मध्यावर पट्टीला भेटेल, आणि तोपर्यंत सुमारे २.१ सेमी आत गेलेली असेल. आता त्याच कोनात ती प्रोबपासून फक्त अर्ध्या सेंटिमीटरवरून टोचली, तर पट्टीला ती अर्ध्या सेंटिमीटर खोलीवरच भेटते आणि पुढे निघून जाते. टोक १.५ सेमी खोल पोचेपर्यंत ते पट्टीच्या पलीकडे १ सेमी गेलेलं असतं. स्क्रीनवर मात्र वरच्या थरात एक शांत ठिपका दिसतोय आणि करणारा मनात म्हणतोय, अजून बरंच जायचंय. कॅरोटिडला भोकं पडतात ती अशी. कोन ६० अंशांचा केला तर त्याच शिरेसाठी प्रोबपासूनचं अंतर सुमारे ०.९ सेमी आणि सुईचा प्रवास सुमारे १.७ सेमी होतो.

हा त्रिकोण डोक्यात पक्का बसलेला असला की ट्रॅकिंगचं यंत्र नेमकं काय करतं ते लगेच कळतं. ते हाच त्रिकोण तुमच्यासाठी सोडवतं, सुई हलेल तसा क्षणोक्षणी.

यंत्राला सुई कशी कळते

बाजारात 'नीडल टेक्नॉलॉजी' या एकाच नावाखाली बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात. त्या आधी वेगळ्या करून घ्या.

पहिली म्हणजे प्रतिमा सुधारणं. यात ध्वनीच्या लहरी तिरक्या पाठवून सुईचा दांडा उजळ केला जातो. उपयोगी आहे, पण ते ट्रॅकिंग नव्हे. यंत्राला सुई कुठे आहे हे ठाऊक नसतं. तिरक्या कोनातून येणारा उजळ प्रतिध्वनी ते फक्त ठळक करून दाखवतं. हे काम मुख्यतः इन-प्लेनमध्येच, म्हणजे सुई पट्टीच्या आतच लांबीने जात असताना, होतं.

दुसरी म्हणजे प्रोबला लावायचा नीडल गाइड, म्हणजे प्लास्टिकची खाच. ही सुईला ठरलेल्या कोनात अडकवते. स्वस्त, साधी आणि नवशिक्यासाठी चांगली. पण मधेच दिशा बदलायची मुभा ती देत नाही.

खरं ट्रॅकिंग प्रामुख्याने चार तऱ्हांचं. इलेक्ट्रोमॅग्नेटिक पद्धतीत रुग्णाजवळ ठेवलेला जनरेटर एक क्षीण चुंबकीय क्षेत्र तयार करतो, आणि सुईतल्या व प्रोबमधल्या छोट्या कॉइल त्यात आपली जागा ओळखतात. अल्ट्रासॉनिक्सची सोनिक्सजीपीएस प्रणाली या घराण्यातली. पॅसिव्ह मॅग्नेटिक पद्धतीत जनरेटर नसतो: सुई स्वतःच चुंबकित असते आणि प्रोबमधले सेन्सर तिचं क्षेत्र वाचतात. इझोनोचं इझीगाइड आणि बार्डच्या साइट-राइट यंत्रातलं क्यू ही याची उदाहरणं. ऑप्टिकल पद्धतीत प्रोबवर बसवलेले कॅमेरे त्वचेबाहेरचा सुईचा भाग बघतात आणि आतला भाग हिशेबाने काढतात. चौथी पद्धत मला सगळ्यात हुशार वाटते: सुईच्या टोकाशीच एक पिझो सेन्सर असतो आणि तो प्रोबमधून येणारा ध्वनी 'ऐकतो'. फिलिप्स आणि बी. ब्राउन यांची ऑनव्हिजन प्रणाली अशी आहे, पण ती नर्व्ह ब्लॉकच्या, म्हणजे मज्जातंतू बधिर करायच्या, सुयांसाठी बनवलेली आहे. त्यामुळे सेंट्रल लाइनच्या टेबलावर तुम्हाला बहुधा चुंबकीय पद्धतींपैकीच एखादी भेटेल.

आणखी एक गल्लत नेहमी होते. पीआयसीसी, म्हणजे दंडातून टाकायच्या, लाइनसाठीच्या शेरलॉकसारख्या प्रणाली कॅथेटरचं टोक छातीत कुठवर आलं ते चुंबक आणि ईसीजीच्या मदतीने दाखवतात. सुई शिरेत जाते आहे का याच्याशी त्यांचा संबंध नाही. खरेदीच्या बैठकीत हा फरक आधी स्पष्ट करून घ्या, नाहीतर हवं होतं एक आणि आलं दुसरंच असं होतं.

या सगळ्या पद्धतींमधला निर्णायक प्रश्न एकच: यंत्र टोक मोजतं, की टोकाचा अंदाज बांधतं? सेन्सर सुईच्या बुडाशी म्हणजे हबजवळ असेल, किंवा कॅमेरा फक्त बाहेरचा भाग बघत असेल, तर यंत्र सुई सरळ आहे असं धरून चालतं. पातळ लांब सुई घट्ट स्नायूतून जाताना वाकते, आणि वाकलेली सुई त्या हिशेबात बसत नाही. सेन्सर टोकाजवळ असेल तर ही चूक कमी होते. पण तो सुईच्या पोकळीतच बसवलेला असेल तर तो काढल्याशिवाय रक्त ओढून बघता येत नाही, हेही विचारून घ्या.

खोलीची आणि रुग्णाची तयारी

चुंबकीय यंत्राला लोखंड चालत नाही. पलंगाचा कठडा, सामानाची ट्रॉली, ड्रेपवर, म्हणजे निर्जंतुक चादरीवर, उपकरणं धरून ठेवणारं मॅग्नेटिक पॅड, खिशातला मोबाइल, हे सगळं त्याला फसवतं. शक्य असेल त्या बाजूचा कठडा खाली करा. ट्रॉली हाताला येईल इतपतच जवळ ठेवा. मोबाइल खोलीत दुसरीकडे ठेवा, नुसता सायलेंटवर टाकून उपयोग नाही. बेसलाइन कॅलिब्रेशन, म्हणजे सुई दूर असताना यंत्राला भोवतालचं क्षेत्र ओळखून घेऊ देणं, हे सगळं जागच्या जागी आल्यावर करायचं, आधी नाही. कॅलिब्रेशननंतर कोणी ट्रॉली सरकवली तर पुन्हा करायचं.

रुग्णाची चौकशी करताना एरवी जे विचारत नाही ते विचारा. कानामागे कॉक्लिअर इम्प्लांट आहे का? त्यात चुंबक असतो आणि तो जुगुलरच्या अगदी शेजारी येतो. मेंदूतलं पाणी काढणाऱ्या शंटचा व्हॉल्व्ह चुंबकाने जुळवायच्या प्रकारातला आहे का? पेसमेकर? यातलं काही असेल तर यंत्राच्या पुस्तिकेतला इशारा वाचा, आणि शंका उरली तर ट्रॅकिंग बाजूला ठेवून साध्या सोनोग्राफीने काम करा. ट्रॅकिंग ही सोय आहे, त्याच्यावाचून काही अडत नाही.

जुगुलरसाठी डोकं १० ते १५ अंश खाली, मान पलीकडे थोडी वळवलेली. मान फार वळवली की शीर कॅरोटिडच्या वर सरकून बसते, म्हणजे मागची भिंत फुटली तर सुई सरळ धमनीत. निर्जंतुकीकरण करण्याआधी एकदा निवांत स्कॅन करा. शीर दाबली जाते का, श्वासाबरोबर तिचा आकार बदलतो का, आत गुठळी आहे का, कॅरोटिड कोणत्या बाजूला आणि किती जवळ आहे, हे सगळं बघा. शिरेचा मध्य किती खोल आहे तो आकडा स्क्रीनवर मोजून ठेवा. पुढे तो लागणार आहे.

यंत्राची परीक्षा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते पूर्ण प्रक्रियेत सगळ्यात मोलाची हीच.

यंत्र विभागात नवं आलं की, आणि नंतरही अधूनमधून, प्लास्टिकच्या भांड्यात पाणी घ्या. प्रोबचं तोंड पाण्याला टेकवा आणि ट्रॅकिंग चालू ठेवून सुई तिरकी आत घाला. पाण्यात सुई छान दिसते. टोकाचा खरा प्रतिध्वनी आणि यंत्राने काढलेलं टोकाचं चिन्ह एकमेकांवर बसतात का ते बघा: १ सेमी खोलीवर, ३ सेमीवर, ५ सेमीवर, डावीकडून, उजवीकडून, उभ्या कोनात, आडव्या कोनात. चुंबकाचं क्षेत्र अंतराबरोबर झपाट्याने क्षीण होतं, त्यामुळे सुई प्रोबपासून लांब असताना चिन्ह थरथरतं किंवा भरकटतं. आपल्या यंत्राचं चिन्ह साधारण कुठे भरकटायला लागतं ते या भांड्यातच समजून घ्या. मग शेजारी मुद्दाम एक लोखंडी ट्रे आणून ठेवा आणि रेषा कशी सरकते ते बघा. एकदा ते डोळ्यांनी पाहिलं की पलंगाच्या कठड्याबद्दल कोणाला पुन्हा सांगावं लागत नाही.

प्रत्यक्ष रुग्णाशेजारी छोटी परीक्षा पुरते. निर्जंतुक कव्हर चढवल्यावर सुईचं टोक प्रोबच्या मधल्या खुणेजवळ आणा, पण टेकवू नका, कव्हरला भोक पडेल. स्क्रीनवर टोक मधोमध आणि पृष्ठभागाशी दिसलं पाहिजे. सुई डावीकडे नेली की चिन्हही डावीकडे गेलं पाहिजे. उलटं गेलं तर प्रोब उलटा धरलाय, किंवा प्रतिमा उलटवलेली आहे. दहा सेकंदांचं काम.

निर्जंतुकीकरण आणि सुई

इथे नेहमीचीच शिस्त: टोपी, मास्क, गाउन, हातमोजे, पूर्ण अंगावर ड्रेप. अल्कोहोलमधलं क्लोरहेक्सिडिन लावा आणि ते आपोआप वाळू द्या. प्रोबला लांब निर्जंतुक कव्हर, आत-बाहेर जेल, बाहेरचं जेल निर्जंतुक. कव्हरच्या आत हवेचा बुडबुडा राहिला तर प्रतिमेत काळी पट्टी येते आणि नेमकं टोक तिच्यात लपतं.

ट्रॅकिंगमुळे यात दोन गोष्टी वाढतात. सुई जागेवरच चुंबकित करायची असेल तर ते साधन निर्जंतुक आहे का, की सहायकाने वरून धरायचं आणि तुम्ही सुई न टेकवता आत-बाहेर करायची, हे आधीच ठरवा. सुईला केबल असेल तर तीही निर्जंतुक कव्हरमध्ये हवी आणि हाताच्या हालचालीला ओढ बसणार नाही इतकी सैल हवी. तसंच यंत्रात सुईची जी लांबी निवडली आहे तीच हातात असलेल्या सुईची आहे ना, हे मोठ्याने वाचून घ्या. अंदाज बांधणाऱ्या यंत्राला लांबी चुकीची सांगितली तर रेषेची दिशा बरोबर येते आणि टोक मात्र चुकतं. हा दोष ओळखायला सर्वांत अवघड.

सुई आत: आडव्या छेदातून

शीर स्क्रीनच्या बरोबर मधोमध आणा. सुई त्वचेजवळ धरा, पण टोचू नका. आता स्क्रीनवर सुईचा पुढचा मार्ग आणि तो सोनोग्राफीच्या पट्टीला जिथे छेदेल तो बिंदू दिसेल. त्वचेला स्पर्श न करता कोन आणि अंतर बदलत तो बिंदू शिरेच्या मध्यावर आणा. माझ्या दृष्टीने नीडल ट्रॅकिंगची खरी किंमत याच दहा-पंधरा सेकंदांत वसूल होते. वर सांगितलेला त्रिकोण टोचण्याआधीच सुटतो, आणि आत जाऊन दिशा बदलत भोकं पाडायची वेळ येत नाही.

बिंदू शिरेच्या मध्यावर बसला की एकदा खाली बघा. प्रोबपासूनचं अंतर मघाच्या मोजमापाशी जुळतंय का? शीर १.५ सेमी खोल आणि यंत्र म्हणतंय अगदी प्रोबला चिकटून टोचा, तर काहीतरी बिनसलंय. थांबा, पुन्हा कॅलिब्रेट करा. मार्गाची रेषा शिरेपलीकडे वाढवून बघायलाही विसरू नका. शिरेमागे कॅरोटिड आहे का? असेल तर प्रोब थोडा वर-खाली किंवा आजूबाजूला नेऊन असा मार्ग शोधा की चुकून सुई पुढे गेली तरी धमनीत जाणार नाही.

आता त्वचा ओलांडा. सुईच्या टोकाचा तिरका भाग वर, सिरिंजला किंचित ओढ. एकेक मिलिमीटर पुढे जा आणि दर वेळी दोन गोष्टी बघा: यंत्राचं चिन्ह, आणि ऊतींची खरी हालचाल. सुई पुढे गेली की आजूबाजूचे थर हलतात. तिला बारीक झटका दिला की नेमकी कुठली जागा हलते ते दिसतं. चिन्ह म्हणतंय टोक इथे आहे आणि हालचाल मात्र तिथे नाही, असं झालं तर हालचालीवर विश्वास ठेवा.

यानंतरचा एक क्षण यंत्राला मुळीच कळत नाही. सुई शिरेच्या पुढच्या भिंतीला टेकते तेव्हा भिंत लगेच फुटत नाही. ती आत दबते आणि गोल शीर बदामाच्या आकाराची होते. या वेळी ट्रॅकिंगचं चिन्ह ऐटीत शिरेच्या पोकळीत दिसू शकतं, कारण टोक खरोखर तिथेच असतं. फक्त भिंत त्याच्या पुढे ढकललेली असते. सुई शिरेच्या जागी आहे, शिरेत नाही. नवखा इथे रक्त का येत नाही म्हणून आणखी दाबतो, पुढची भिंत मागच्या भिंतीला टेकते आणि दोन्ही एकदम फुटतात. मग सुई मागे घेताना रक्त येतं. यावर उपाय म्हणजे भिंत दबलेली दिसली की कोन थोडा कमी करून छोटा, ठाम झटका द्यायचा आणि भिंत परत जागेवर उसळलेली बघायची. पोकळीत मोकळा पांढरा ठिपका आणि सिरिंजमध्ये सहज येणारं रक्त, ही जोडी जमल्याशिवाय शीर मिळाली असं म्हणू नका.

सिरिंजमध्ये रक्त दिसलं की तिथेच थांबू नका. सुई थोडी आडवी करा, प्रोब किंचित पुढे सरकवा, ठिपका नाहीसा होईपर्यंत. मग सुई पुढे घ्या, ठिपका परत येईल. असं दोन-तीनदा केलं की टोक शिरेच्या पोकळीत काही मिलिमीटर आत जातं, आणि गाइडवायर, म्हणजे कॅथेटरला वाट दाखवणारी बारीक तार, घालताना सुई निसटत नाही. या टप्प्यात ट्रॅकिंग थोडी मदत करतं. बाकी सगळं हाताचं काम.

उभ्या छेदातून, इन-प्लेन, टाकायची असेल तर ट्रॅकिंगचा उपयोग वेगळा आहे. तिथे सुई पूर्ण दिसते, पण ती पट्टीतून जरा बाजूला सरकली की अर्धवट दिसते आणि दिसणारा शेवट टोक असल्याचा भास होतो. बरीचशी यंत्रं सुई पट्टीत आहे की बाहेर हे रंगाने दाखवतात. कुठला रंग कशासाठी हे प्रत्येक कंपनीचं वेगळं, ते पाण्याच्या भांड्यातच पाठ करा. सुई पट्टीबाहेर गेली असं दिसलं तर प्रोब आणि सुई दोन्ही एकदम हलवू नका. सुई जागेवर ठेवून फक्त प्रोब सरकवा.

रेषा एक सांगते, चित्र दुसरं

हे होणारच. रुग्ण कण्हला, मान हलली, सहायकाने कठड्याला हात लावला, सुई वाकली, अशी कितीतरी कारणं. भर म्हणजे सोनोग्राफीचं चित्रही शंभर टक्के खरं नसतं. यंत्र ऊतींमधला ध्वनीचा वेग सेकंदाला १५४० मीटर धरून खोली काढतं. चरबीत तो वेग कमी असतो, म्हणून जाड मानेत खोलीचा आकडा थोडा जास्त येतो. चुंबकीय ट्रॅकिंगची रेषा मात्र ध्वनीवर अवलंबून नसते. त्यामुळे दोघांमध्ये एक-दोन मिलिमीटरचा फरक सगळं नीट असतानाही पडू शकतो, आणि मोठ्या शिरेसाठी तो चालतो.

त्याहून मोठा फरक दिसला तर मी ठरवलेला क्रम असा: सुई थांबवा, मागे घेऊ नका. ट्रॅकिंगकडे दुर्लक्ष करून फक्त चित्रात टोक शोधा, प्रोब मागे-पुढे सरकवून. सापडलं तर तिथून साध्या पद्धतीने पुढे जा. नाही सापडलं तर सुई त्वचेखालच्या थरापर्यंत मागे घ्या आणि पुन्हा सुरुवात करा. आत असलेल्या सुईसोबत कॅलिब्रेशन करायचं नाही. त्या सुईचं क्षेत्रच यंत्राच्या बेसलाइनमध्ये मिसळतं.

गाइडवायरनंतर

स्वीडनच्या स्वेन-इव्हार सेल्डिंगर यांनी १९५३ मध्ये मांडलेला क्रम, सुई, वायर, मग कॅथेटर, इथे जसाच्या तसा आहे, आणि ट्रॅकिंगने त्यातली एकही तपासणी वाचत नाही. वायर आत गेली की ट्रॅकिंग बंद करा. सुईच्या पोकळीतल्या धातूच्या वायरने सिग्नल बदलू शकतो, शिवाय आता स्क्रीनवरच्या रंगीत रेषा खऱ्या चित्राच्या आड येतात.

वायर कुठल्याही जोराशिवाय गेली पाहिजे. अडली तर ढकलू नका. प्रौढांमध्ये त्वचेपासून साधारण १८ सेमीच्या पुढे नेण्याची गरज नसते. मॉनिटरवर एक्टोपिक, म्हणजे अवेळी पडणारे, ठोके दिसले तर मागे घ्या. आणि वायरचं दुसरं टोक हातातून कधी सोडू नका.

मग सगळ्यात महत्त्वाचं: डायलेटर, म्हणजे वाट रुंद करायची नळी, घालण्याआधी वायर शिरेत आहे हे दोन छेदांत बघा. आडव्या छेदात ती शिरेच्या पोकळीत ठिपक्यासारखी दिसते. उभ्या छेदात ती पुढच्या भिंतीतून शिरून शिरेच्या आत खाली जाताना दिसते, मागच्या भिंतीतून पलीकडे नाही. प्रोब कॉलरबोनपर्यंत खाली नेत तिचा माग काढा, कारण शिरेतून आरपार जाऊन धमनीत शिरलेली वायर वरच्या एकाच छेदात निर्दोष दिसते. शंका असेल तर प्रेशर ट्रान्सड्यूस करा, म्हणजे आतला दाब मॉनिटरवर मोजून बघा. पातळ सुईने धमनी टोचली तर दाब देऊन बहुधा भागतं. डायलेटर किंवा जाड कॅथेटर धमनीत गेलं तर ते उपसून काढू नका, तसंच ठेवून व्हॅस्क्युलर सर्जनला बोलवा.

कॅथेटरची खोली, प्रत्येक पोर्टमधून रक्त येतंय का, टाके, ड्रेसिंग, एक्स-रे हे नेहमीप्रमाणे. प्रोब हातात आहेच तर दोन मिनिटांत फुप्फुसाची सरक बघा, म्हणजे न्यूमोथोरॅक्सचा (फुप्फुसाभोवती हवा साठल्याचा) अंदाज लगेच येतो. हृदयाचा व्ह्यू मिळत असेल तर कॅथेटरमधून सलाइन जोरात सोडा. उजव्या बाजूला बुडबुडे दोनेक सेकंदांत दिसले तर कॅथेटर शिरेत आहे आणि टोक हृदयाजवळ आहे.

इतर जागा

जांघेतल्या फेमोरल शिरेला ट्रॅकिंगचा फायदा फार नाही. शीर मोठी, जागा मोकळी. कॉलरबोनखालून ॲक्झिलरी व्हेन घेताना मात्र तो सर्वाधिक जाणवतो. शीर खोल असते, मागे प्लुरा (फुप्फुसाचं आवरण) असतो आणि इन-प्लेन राहणं कठीण जातं. पण खोली वाढली की चुंबकीय सिग्नलही क्षीण होतो, म्हणजे जिथे गरज जास्त तिथेच यंत्र थोडं कच्चं. तिथे पाण्याच्या भांड्यातली ५ सेमीची परीक्षा आठवा. तान्ह्या बाळांमध्ये शीर काही मिलिमीटरांची असते. यंत्राची चूक आणि शिरेचा व्यास जवळपास सारखे झाले तर रेषेला काही अर्थ उरत नाही, म्हणून तिथे चित्र आधी.

विभागात शिकवताना

विक्रेत्याच्या रबरी फँटमवर, म्हणजे सरावाच्या नमुन्यावर, सगळ्यांनाच जमतं, कारण त्यातली शीर दबत नाही आणि फँटम कण्हत नाही. शिकवायला मला पुढचा प्रकार उपयोगी वाटतो. शिकणारा ट्रॅकिंग चालू ठेवून मार्ग ठरवतो. सुई त्वचेला टेकली की शिक्षक ट्रॅकिंगचं चित्र लपवतो. शिकणारा फक्त सोनोग्राफीवर पुढे जातो, थांबतो आणि टोक कुठे आहे ते बोट ठेवून दाखवतो. मग शिक्षक ट्रॅकिंग परत चालू करतो आणि दोघं फरक बघतात. हे आधी फँटमवर करायचं, नंतर मांसाच्या तुकड्यात बसवलेल्या नळीवर, आणि दर खेपेला लपवायचा वेळ वाढवत न्यायचा. रुग्णावर अर्थातच काही लपवायचं नाही. तिथे शिकणाऱ्याने टोकाची जागा तोंडाने सांगायची आणि मग दोघांनी चिन्हाकडे बघायचं.